वातीचा नाद

इंग्रज माणूस घरात राहतो, असा आपला एक भाबडा समज असतो. घरात तो फक्त झोपतो आणि हाक आली की जेवतो. राहतो तो मागच्या अंगणातल्या शेडमध्ये. सहा बाय आठ फुटांचं लाकडी खोपटं, वर डांबरी कागदाचं छप्पर, आत एक दिवा आणि भिंतीभर टांगलेली हत्यारं. त्यातली निम्मी कशासाठी आहेत हे मालकालाही ठाऊक नसतं. रविवारी मोकळ्या मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून जुनापाना माल विकायचा बाजार भरतो. तिथे ती इतकी स्वस्त मिळालेली असतात की न घेणं म्हणजे नुकसान. मग आणलेल्या हत्याराला काम हवं, म्हणून घरातलं काहीतरी बिघडायची वाट पाहायची. आणि बिघडत नसेल तर थोडा हातभार लावायचा.

आमचा मामेभाऊ, म्हणजे दादा, सांगलीकडचा मेकॅनिकल इंजिनिअर. बर्मिंगहॅमजवळ घर घेतलं तेव्हा तिकडचा पासपोर्ट मिळायला अजून बरीच वर्षं होती. शेड मात्र घराबरोबरच मिळाली. बाकी इंग्रजांचं त्याला फारसं काही पटत नाही. चहात दूध आधी घालायचं की नंतर यावर तावातावाने भांडणारी माणसं चहा उकळतच नाहीत, हा त्याचा जुना राग आहे. पण शेडच्या बाबतीत तो पक्का इंग्रज झाला.

सिगारेट मात्र त्याने सांगलीहूनच नेली होती. ती तिकडे रुळली, वाढली आणि दिवसाला एका पाकिटावर स्थिरावली. मग १ जुलै २००७ रोजी इंग्लंडात बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली आणि पबच्या उबेत बसून ओढणारी मंडळी एका रात्रीत दाराबाहेर पावसात उभी राहिली. तिकडचा पाऊस माणसाला धड भिजवत नाही आणि कोरडंही राहू देत नाही. पाकिटावरचे कॅन्सरचे इशारे वाचून ज्याच्या कपाळावर आठी उमटली नव्हती, तो दादा त्या पावसाने खचला. "कॅन्सर पुढचं पुढे," तो म्हणायचा, "पण न्यूमोनिया याच आठवड्यात होईल." अशा रीतीने तो ई-सिगारेटकडे वळला. आरोग्यापेक्षा हवामानानेच जास्त लोकांना सन्मार्गाला लावलं असावं.

ही ई-सिगारेट वाटते तेवढी नवी नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी १९६३ साली तंबाखू आणि धूर दोन्ही नसलेल्या सिगारेटसाठी पेटंटचा अर्ज केला. १९६५ साली त्यांना पेटंट मिळालं. गिऱ्हाईक मात्र मिळालं नाही. खरी सिगारेट दिवाणखान्यात, विमानात आणि दवाखान्यातसुद्धा ओढता येत असताना खोटीला कोण विचारणार? पुढे २००३ साली चीनमध्ये हॉन लिक या औषधनिर्मात्याने आजची ई-सिगारेट घडवली. ते स्वतः ओढणारे होते आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते.

यंत्र म्हणावं तर अगदी साधं. एक बॅटरी, एक तारेचं वेटोळं, एक वात आणि टाकीत चमचाभर द्राव. द्रावात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि एखादा स्वाद. स्ट्रॉबेरी कस्टर्डपासून लिंबाच्या केकपर्यंत वाटेल तो स्वाद मिळतो. ज्यांना अगदीच करमत नाही त्यांच्यासाठी तंबाखूचाही मिळतो. बटण दाबलं की तार तापते, वातीत मुरलेला द्राव उकळतो, त्याचं धुकं होतं आणि माणूस ते ओढतो. तत्त्व आपल्या समईचंच. फरक एवढाच, की समईतलं तेल संपून वात जळली तर देव काही बोलत नाही. इथे वात कोरडी पडली की ते थेट घशाला कळतं. या प्रकाराला तिकडे 'ड्राय हिट' म्हणतात. एकदा अनुभव घेतलेला माणूस पुढचा पाऊण तास कुणाशी बोलत नाही.

म्हणजे बॅटरी बाजारात, तार बाजारात, द्राव बाजारात. सगळं अडलं ते वातीवर. २०१० नंतरच्या त्या चार-पाच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या शेडशेडमधून वात या एका विषयावर जेवढं चिंतन झालं, तेवढं त्या देशांत विजेचा दिवा आल्यापासून झालं नसेल. पंथ पडले. पहिला पंथ सिलिकाच्या दोरीचा. ती जळत नाही, पण कापली की तिचे तंतू सुटतात आणि ते छातीत जातील की काय, या विचाराने माणूस सुखाने ओढू शकत नाही. दुसरा पंथ पोलादी जाळीचा. एका इंचात चारशे-पाचशे तारा असलेली स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यायची, तिची विडीएवढी सुरळी करायची आणि ब्लो टॉर्चच्या ज्योतीत लालबुंद तापवायची, म्हणजे तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तारेतली वीज जाळीत उतरत नाही. थर नीट बसला नाही तर उतरते, आणि मग वेटोळ्याचा एकच फेरा लाल होऊन बाकीचे थंड बसून राहतात.

तिसरा पंथ कापसाचा. या पंथाचे लोक कापूस उकळून, वाळवून वापरत. दादाला हा मार्ग फारच सोपा पडला, कारण वहिनींच्या आईकडून येणाऱ्या प्रत्येक पार्सलात लाडू-चिवड्याबरोबर वातींचं एक पाकीट असे. देव्हाऱ्यातल्या वाती कमी होऊ लागल्या. आधी वहिनींना वाटलं उंदीर असेल. मग गॅसवर पातेल्यात वाती उकळताना दिसल्या आणि उंदराचं नाव कळलं. "अरे, लांब वाती ने," वहिनी म्हणाल्या, "पण फुलवातींना हात लावू नकोस, गौरींना लागतात."

कापसाने उत्तम काम केलं. स्वाद चांगला, खर्च शून्य, पुरवठा सासुरवाडीचा. इथे हा लेख संपायला हवा होता. पण ज्याच्याकडे शेड आहे त्याला उत्तम चाललेली गोष्ट बघवत नाही. कापूस दर थोड्या दिवसांनी काळा पडतो, बदलावा लागतो, ही त्यातली खोट. दोन मिनिटांचं काम. ते दोन मिनिटांचं काम वाचवण्यासाठी दादाने पुढचे अनेक महिने घातले. कधीही न जळणारी, न झिजणारी, जन्मात एकदाच घालायची वात त्याला हवी होती. म्हणजे सिरॅमिकची.

आता सच्छिद्र सिरॅमिक आणायचं कुठून? कुणी मत्स्यालयातला हवेचा दगड कोरत होतं, कुणी कुंडीचा तुकडा घासत होतं. दादाची नजर स्वयंपाकघराकडे गेली. ओट्यावर पाण्याचा फिल्टर होता आणि त्याच्या पोटात पांढरीशुभ्र कॅन्डल. ती भाजलेल्या डायटमी मातीची असते, म्हणजे पाण्यातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांची. अंगभर छिद्रं, आणि तीही जंतू शिरणार नाहीत इतकी बारीक.

या कॅन्डलच्या घराण्याचा इतिहास थोर आहे. १९व्या शतकात लंडनमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं नेली. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला, तो याच कॉलऱ्यापायी. त्या काळात टेम्सकाठचे कुंभार घरोघरी मातीचे फिल्टर पुरवत होते. १८८४ साली पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलँड यांनी झिलई न दिलेल्या पोर्सिलीनची नळी काढली. तिच्यातून जंतू पलीकडे जात नसत. आणि १८९२ साली रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस याच नळीतून गाळला. रस स्वच्छ गाळून आला, पण त्याने निरोगी झाडं तरीही आजारी पडली. जंतूंपेक्षाही लहान काहीतरी त्यातून निसटत होतं. विषाणूंच्या विज्ञानाची सुरुवात तिथे झाली.

हे मी दादाला फोनवर सांगितलं, एवढ्यासाठी की कॅन्डलबद्दल त्याच्या मनात थोडा आदर उत्पन्न व्हावा. तो म्हणाला, "म्हणजे तंबाखू आणि सिरॅमिक यांची जुनी ओळख आहे तर!" आणि वहिनी मंडईत गेल्याचं पाहून त्याने फिल्टर उघडला.

त्यानंतर शेडमध्ये जे घडलं ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, कारण त्याच सुमारास माझं तिकडे जाणं झालं. कॅन्डल शेगड्यात धरायची, पण फडकं गुंडाळून. नाहीतर पहिल्याच पिळाला तिचा चुरा होतो. हॅक्सॉने तिच्या भिंतीची उभी पट्टी कापायची. माती दिसायला मऊ, पण पात्याचे दात भराभर खाते. ब्लेडची आधी करवत असते, मग सुरी होते, मग पट्टी होते. मग ती पट्टी घासून चौकोनी काडी करायची. ही काडी ड्रिलच्या चकमध्ये बसवायची, हलक्या हाताने, चक आवळताना श्वास रोखून. ड्रिल सगळ्यात मंद वेगावर फिरवायचं आणि फिरत्या काडीला पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर चिमटीत धरून लावायचा. चौकोनी काडी हळूहळू गोल होते. बोटांवरून दुधासारखं पांढरं पाणी ओघळतं. दादा मध्येच ड्रिल थांबवून व्हर्नियर लावतो. चार मिलिमीटर. पुन्हा फिरवतो. साडेतीन. आता तो बोलत नाही, मीही बोलत नाही, बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्रसुद्धा थांबलेलं असतं. तीन मिलिमीटरला दोन केस उरलेले असताना 'टक्' असा बारीकसा आवाज येतो.

त्या 'टक्'नंतर दादाच्या तोंडून जे शब्द निघतात ते अस्सल सांगलीचे असतात. इंग्लंडात इतकी वर्षं काढूनही त्याची मातृभाषा टिकली याचं श्रेय महाराष्ट्र मंडळ घेतं. ते खरं सिरॅमिकला द्यायला हवं.

पाणी का लावायचं, यालाही कारण आहे. ही माती सुकी घासली की तिची धूळ उडते आणि भाजलेल्या डायटमी मातीत स्फटिकरूप सिलिका असते. कामाच्या जागी श्वासातून जाणाऱ्या त्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात बसवलं आहे, म्हणजे सिगारेटच्याच पंगतीत. तेव्हा फुप्फुसं वाचवण्यासाठी सिगारेट सोडलेला आमचा दादा, फुप्फुसं वाचवण्यासाठी तोंडाला मुखपट्टी लावून, फुप्फुसांना घातक असलेला दगड घासत होता. आणि ही सगळी सुरक्षेची तयारी कशासाठी, तर शेवटी ओढण्यासाठी. मी हे त्याला बोलून दाखवलं. मुखपट्टीतून उत्तर आलं, पण ते सुदैवाने कळलं नाही.

अखेर एक काडी शाबूत निघाली. तिच्यावर कान्थलची तार गुंडाळली. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा हा स्वीडनचा मिश्रधातू, एरवी भट्ट्यांमध्ये तापतो. मल्टिमीटर लावला, दीड ओहम भरलं. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. त्याचा वर्ग करून दीडने भागलं की पावणेबारा वॅट. शाळेत ओहमच्या नियमावर मार खाल्लेली माणसंसुद्धा या छंदापायी तो नियम झोपेत म्हणू लागली होती. सगळं जुळलं. दादाने टाकी भरली, डोळे मिटले, बटण दाबलं आणि पुढचा पाऊण तास तो कुणाशी बोलला नाही.

वात कोरडी होती. द्राव वर चढतच नव्हता. यामागचं गणित एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२१ सालीच मांडून ठेवलं आहे. छिद्र बारीक असेल तर द्रव उंच चढू शकतो, पण चढतो फार सावकाश. आणि द्रव जितका दाट तितकी त्याची चाल आणखी मंद. ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून जास्त चिकट. त्यामुळे तार एका क्षणात तापायची आणि द्राव आपला सरकारी कामासारखा, येईल तेव्हा येईल. वहिनींनी मात्र वॉशबर्नचं नावही न ऐकता निदान केलं. त्या चहा घेऊन शेडच्या दारात आल्या होत्या. "कॉलरा अडवायला केलेली वस्तू आहे ती," त्या म्हणाल्या. "तिला वाटत असेल, या कस्टर्डचं काही खरं नाही."

मग उपाय सुरू झाले. द्रावात ग्लिसरीन कमी, प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त. वात आखूड. वातीला लांबीच्या दिशेने सुईसारख्या कानशीने बारीक खाचा. खाचा जास्त खोल झाल्या की टाकी गळते आणि खिशाला स्ट्रॉबेरीचा वास येतो. उथळ राहिल्या की ठसका. या दोहोंमधली जागा केसाएवढी होती आणि त्या केसासाठी नवं ड्रिल आलं, त्याला स्टँड आलं, हिऱ्याची कणी लावलेली करवत आली, भिंग आलं. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना आरतीनंतर शेड दाखवायची प्रथा पडली. पुरुष मंडळी आत जात आणि बाहेर येताना आपल्या घरी शेडला जागा कुठे निघेल याचा अंदाज घेत येत. बायका वहिनींकडे सहानुभूतीने बघत. वहिनी मात्र शांत असत. त्यांनी हिशेब मांडला होता. या हत्यारांच्या पैशात सिगारेटची किती पाकिटं आली असती, हे त्यांना पैशापर्यंत पाठ होतं, आणि तरीही त्या हत्यारांना कधी नको म्हणाल्या नाहीत. याचं कारण मला पुढे कळलं.

मधल्या काळात जगाने या ई-सिगारेटच्या नळीबद्दल मतं बनवली, आणि तीही एकमेकांच्या अगदी उलट. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली जाहीर केलं, की ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. टीका पुष्कळ झाली, पण सरकार ठाम राहिलं; २०२३ साली तर दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ती फुकट वाटण्याची योजना निघाली. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला: बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव, आकार, रूप काहीही असो, बंदी लागू, अशी कायद्यातली व्याख्या आहे. विडी-सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर सुखरूप. म्हणजे जी वस्तू बर्मिंगहॅममध्ये सरकार हातात ठेवतं, तिच्यासाठी मुंबईत पोलीस हात धरतो. आणि विमान तेच, दादाही तोच.

म्हणून दादा भारतात येताना नळी घरी ठेवून येतो आणि निकोटीनच्या गोळ्या चघळतो. पण वातीचा नाद घरी ठेवता येत नाही. सांगलीच्या घरात स्टीलचा जुना फिल्टर आहे, आणि त्याच्या वरच्या भांड्यात एक सोडून दोन कॅन्डल. दादाने झाकण काढून आत पाहिलं आणि बोटाने टिचकी मारली. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "आई, हिची भिंत जाड आहे गं," तो हळूच म्हणाला. मामी पोळ्या लाटता लाटता कडाडली, "हात लावू नकोस, प्यायचं पाणी आहे ते!" तो मुक्काम संपेपर्यंत मामीने फिल्टरवर पितळी तांब्या ठेवला होता. झाकण हललं की आवाज व्हावा म्हणून.

आणि मग परत गेल्यावर एके दिवशी वात जमली. द्राव चढला, धुकं निघालं, स्वाद आला, खिसा कोरडा राहिला. फोनवर दादाचा आवाज गदगदला होता. पण पुढच्याच आठवड्यात तो आवाज पडला. न जळणारी, न झिजणारी, बदलावी न लागणारी वात. म्हणजे तिला काही करायचंच उरलं नव्हतं. शेडमध्ये जाऊन बसायचं, पण कशासाठी? त्यातच चीनच्या कारखान्यांतून सिरॅमिकची तयार वेटोळी पाकिटबंद येऊ लागली होती. दादा हातावर हात ठेवून खिडकीत बसू लागला. जेवण झालं की त्याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशाकडे जाई, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता त्याला अजून पाठ होता.

वहिनींनी ते पाहिलं. सिगारेट निकोटीनने सुटत नाही, वाफेने सुटत नाही, सरकारने तर मुळीच सुटत नाही. ती सुटते दोन्ही हात चिखलाने माखलेले असले आणि चिमटीत तीन मिलिमीटरची काडी फिरत असली की. हे इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या अहवालात मला तरी दिसलं नाही, पण वहिनींना पहिल्या ड्रिलपासून माहीत होतं.

सिरॅमिक जळत नाही, झिजत नाही, फुटतं मात्र. एका शनिवारी टेबल पुसताना वात फरशीवर कशी पडली, याचा नीट तपास लागला नाही. दादा तुकडे गोळा करत हळहळत होता. वहिनींनी कपाटातून एक खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"नवी कॅन्डल आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, दोन घेतल्या. फिल्टरची वेगळी, तुझी वेगळी."